जुन्या कॉम्प्युटरची डिस्क मंदावली तर: डीएमए, पीआयओ आणि एएचसीआयची सेटिंग जपून कशी बदलायची

ठाण्यात नौपाड्यातल्या एका छोट्या प्रेसमध्ये विंडोज एक्सपीवर चालणारं मशीन अजून रोज सुरू होतं. मालकांचा हट्ट म्हणून नाही. पंधरा-वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, स्मरणिका, सगळं पेजमेकरमध्ये आणि युनिकोडच्या आधीच्या फॉण्टमध्ये साठलेलं आहे. फॉण्टचा डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, मागच्या प्रिंटर पोर्टला लागतो आणि हल्लीच्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नसतं. वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीत फिरलात तर अशी मशीन वर्कशॉपमध्येही दिसतील. लेथ किंवा मिलिंग मशीन ठणठणीत असतं, पण त्याला हुकूम देणारं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजशिवाय चालत नाही.

गेल्या पावसाळ्यात प्रेसच्या काकांचा फोन आला. "अरे, मशीन उघडायलाच दहा मिनिटं घेतंय. फाइल सेव्ह करताना माउससुद्धा अडकत अडकत सरकतो. फॉरमॅट मारून देतोस का?"

माउस अडकतो म्हटल्यावर मी त्यांना फॉरमॅटपासून थांबवलं. डिस्क नुसती हळू झाली तर माउस अडकत नाही. डिस्कचं काम प्रोसेसरच्या अंगावर पडलं की अडकतो. त्याचा अर्थ बहुतेक वेळा हा की विंडोजने डिस्कची ट्रान्सफर सेटिंग डीएमएवरून पीआयओवर आणली आहे. ती परत चढवायला दोन मिनिटं पुरतात. पण ती खाली का आली हे न बघता चढवली तर ती पुन्हा उतरते, आणि कधी कधी डिस्कच हातची जाते. म्हणून या लेखात सेटिंगपेक्षा तिच्या आधीची कामं जास्त आहेत.

पीआयओ आणि डीएमए म्हणजे काय

वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये गाळ्याचा मालक स्वतःच ट्रकमधली पोती पाठीवर वाहू लागला तर गिऱ्हाईक कोण बघणार आणि हिशेब कोण लिहिणार? पीआयओमध्ये तसं होतं. डिस्कवरून आलेला प्रत्येक तुकडा प्रोसेसर स्वतः उचलून मेमरीत ठेवतो. डीएमएमध्ये पोती माथाडी वाहतात, म्हणजे मदरबोर्डवरचा डिस्क कंट्रोलर माहिती थेट मेमरीत टाकतो आणि काम झालं की प्रोसेसरला कळवतो. प्रोसेसर तोवर मोकळा असतो.

वेगाचे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पीआयओचा सर्वांत वरचा मोड ४, त्याची कागदावरची मर्यादा सेकंदाला १६.६ एमबी. प्रत्यक्षात विंडोजमध्ये त्याच्या कितीतरी खालीच गाडी अडते. अल्ट्रा डीएमए मोड २ म्हणजे ३३, मोड ४ म्हणजे ६६, मोड ५ म्हणजे १०० आणि मोड ६ म्हणजे १३३ एमबी. ही झाली चपट्या, रुंद केबलच्या जुन्या आयडीई डिस्कची गोष्ट. नंतर आलेल्या, बारीक केबलच्या साटा डिस्कचं वेगळं आहे, तिच्याकडे पुढे येतो.

विंडोज वेग का उतरवतं

डीएमएने माहिती येताना तिच्यासोबत एक पडताळणीचा आकडा येतो. तो जुळला नाही तर सीआरसी एरर. डिस्कने ठरलेल्या वेळात उत्तर दिलं नाही तर टाइमआउट. एक्सपीचा डिस्क ड्रायव्हर, म्हणजे डिस्क हाताळणारा विंडोजचा छोटा प्रोग्राम, या चुका मोजत राहतो. एकूण सहा झाल्या की तो एक पायरी खाली उतरतो, चुका चालूच राहिल्या तर आणखी खाली, आणि शेवटी पीआयओवर येऊन थांबतो.

'एकूण' हा शब्द महत्त्वाचा आहे. एक्सपीच्या मूळ ड्रायव्हरमध्ये ही मोजणी साठत जाते. वर्षातून एखादीच चूक झाली असेल, वीज खाली-वर झाल्याने, खाडीकडून येणाऱ्या दमट हवेने केबलच्या पिना काळवंडल्याने, तरी काही वर्षांनी निरोगी मशीनही पीआयओवर जाऊन बसू शकतं. किंवा डिस्क खरोखर मरायला टेकलेली असेल आणि आठवड्याभरातच सहा चुका झाल्या असतील. बाहेरून दोन्ही मशीन सारखीच रखडतात, म्हणून आधी यातलं कोणतं आहे ते शोधायचं.

सगळ्यात आधी बॅकअप

"काका, शेवटचा बॅकअप कधी घेतला होता?"

"दिवाळीच्या आधी घेतला असेल रे."

कोणती दिवाळी, ते मी विचारलं नाही.

बॅकअप त्याच मशीनवर, पीआयओमध्येच घ्यायला बसलात तर किती वेळ लागेल याचा हिशेब करा. सेकंदाला ४ एमबी धरले तर ४० जीबीला जवळपास तीन तास. आजारी डिस्कला तेवढा वेळ सलग राबवणं मला पटत नाही. मी डिस्क काढून यूएसबी-आयडीई कन्व्हर्टरने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावतो. लावण्याआधी डिस्कचा जंपर, म्हणजे मागच्या पिनांवरची छोटी टोपी, मास्टरवर ठेवायचा. एका आयडीई केबलवर दोन डिस्क लागतात, पहिली मास्टर आणि दुसरी स्लेव्ह. जंपरची आकृती डिस्कच्या लेबलवर छापलेली असते. कामाचे फोल्डर आधी कॉपी करायचे, मग शक्य असेल तर क्लोनझिलासारख्या मोफत साधनाने पूर्ण डिस्कची प्रतिमा घ्यायची. प्रतिमा हवीच, कारण जुन्या सॉफ्टवेअरच्या सीडी बहुतेकांकडे उरलेल्या नसतात.

यातून एक चाचणीही आपोआप होते. इथे डिस्क सरळ, एका लयीत वाचली गेली तर संशय केबलवर जातो. इथेही ती अडखळली, टकटक आवाज करू लागली, तर दोष डिस्कचा. मग सेटिंगचा विषय सोडा आणि जेवढं वाचेल तेवढं वाचवून नवी डिस्क लावायच्या मागे लागा. बॅकअप होईपर्यंत चेकडिस्क चालवू नका. दुरुस्तीच्या नावाखाली ते आजारी डिस्कवर लिहितं आणि तिला तासन्‌तास पळवतं.

हे मी एवढं लावून धरतो त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी कोपरीत एका ओळखीच्या घरी मी बॅकअप न घेता फक्त सेटिंग चढवून दिली. मशीन पळू लागलं, सगळे खूश झाले. तिसऱ्या दिवशी डिस्क गेली. सेटिंगने ती गेली नव्हती, ती आधीच जात होती आणि मी तिचं ऐकलं नव्हतं. त्या घरातल्या मुलीचे लहानपणीचे फोटो परत मिळाले नाहीत.

डिस्कची प्रकृती कशी बघायची

क्रिस्टलडिस्कइन्फो हा छोटा मोफत प्रोग्राम पुरे. त्यात दिसणाऱ्या यादीतले तीनच आकडे बघा, आणि तेही शेवटच्या 'रॉ व्हॅल्यू' रकान्यातले. ०५ म्हणजे खराब झाल्याने बदलून घेतलेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता येत नसलेले, निकालाची वाट बघणारे सेक्टर. सी७ म्हणजे सीआरसी एरर, म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या वाटेवर झालेल्या चुका.

०५ आणि सी५ शून्य आणि सी७ मोठा असेल तर केबल किंवा तिचे कनेक्टर. सी५ शून्य नसेल तर डिस्क. सी७चा आकडा केबल बदलली तरी खाली येत नाही, म्हणून तो मोठा दिसला की घाबरायचं नाही. कागदावर लिहून ठेवायचा आणि आठवड्याने तो वाढला का ते बघायचं.

इव्हेंट व्ह्यूअरमधल्या सिस्टिम नोंदीही वाचा. 'डिस्क' या नावापुढे ७ क्रमांक म्हणजे खराब ब्लॉक. 'एटापी' या नावापुढे ९ म्हणजे डिस्कने वेळेत उत्तर दिलं नाही. तारखा बघितल्या की कधीपासून बिनसलंय ते कळतं. काकांच्या मशीनवर ९ क्रमांकाच्या नोंदी जूनच्या मध्यापासून सुरू झाल्या होत्या, तीनही आकड्यांत फक्त सी७ फुगलेला होता.

केबल

आयडीई केबलचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींना कनेक्टर ४० पिनांचाच असतो. जुनी ४० तारांची केबल जाड रेघांची दिसते, ती अल्ट्रा डीएमए मोड २पर्यंतच चालते. त्यापुढे ८० तारांची लागते. तिच्या रेघा बारीक असतात, कारण प्रत्येक सिग्नलच्या तारेशेजारी एक ग्राउंडची तार असते. ८० तारांच्या केबलचे रंग ठरलेले आहेत: निळं टोक मदरबोर्डला, काळं टोक मास्टर डिस्कला, मधलं राखाडी स्लेव्हला. उलटी लावू नका. लांबी १८ इंचांपेक्षा जास्त नको. कडेची लाल रेघ म्हणजे पिन १ची बाजू, डिस्कवर ती बहुतेक वेळा पॉवरच्या कनेक्टरकडे येते.

काम सुरू करण्याआधी मशीन बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढा आणि मग कॅबिनेटचं पॉवर बटण पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे एसएमपीएसमध्ये (वीजपुरवठ्याच्या डब्यात) उरलेला करंट निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच डिस्कला हात लावा. केबल काढताना पट्टी ओढू नका, कनेक्टर दोन्ही बाजूंनी धरून सरळ वर काढा. पिना वाकल्या की पुढचा अर्धा दिवस त्या सरळ करण्यात जातो. पिना काळसर दिसत असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ ब्रशने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

नवी ८० तारांची केबल आता ठाण्यातल्या दुकानांत सहज मिळत नाही. ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडला जुन्या मालाची दुकानं धुंडाळावी लागतात. नाहीतर भंगारात निघालेल्या एखाद्या कॅबिनेटमधली चांगली केबल जपून ठेवा. माझ्या खणात अशा चार-पाच आहेत आणि दर वर्षी एखादी उपयोगी पडतेच.

आता सेटिंग

बॅकअप झाला, डिस्क निरोगी आहे, केबल बदलली. आता प्रशासकाच्या खात्याने लॉगिन करा. माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, हार्डवेअर, डिव्हाइस मॅनेजर. तिथे आयडीई एटीए/एटापी कंट्रोलर्स उघडलं की प्रायमरी आणि सेकंडरी आयडीई चॅनल दिसतील. प्रायमरीवर डबल क्लिक करून अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये जा. डिव्हाइस ० म्हणजे मास्टर, डिव्हाइस १ म्हणजे स्लेव्ह. प्रत्येकाखाली 'ट्रान्सफर मोड' ही आपली मागणी आणि 'करंट ट्रान्सफर मोड' ही खरी स्थिती.

काहीही बदलण्याआधी मोबाइलने या खिडकीचा फोटो काढा. 'डिव्हाइस टाइप'ला हात लावू नका, तिथे चुकून 'नन' निवडलं तर ते उपकरण विंडोजला दिसायचंच बंद होतं.

खरी स्थिती 'अल्ट्रा डीएमए मोड ५' किंवा त्याच्या आसपास असेल तर सेटिंग ठीक आहे, मंदपणाचं कारण दुसरीकडे शोधा. सीडी-डीव्हीडी ड्राइव्हला मोड २ दिसला तर तेही ठीकच. काही जुने सीडी ड्राइव्ह मल्टी-वर्ड डीएमए या आणखी जुन्या मोडवरच चालतात. त्यांच्या मागे लागू नका.

मागणी 'पीआयओ ओन्ली' असेल तर ती 'डीएमए इफ अव्हेलेबल' करा, ओके म्हणा, रीस्टार्ट करा. मागणी आधीच 'डीएमए इफ अव्हेलेबल' असून खरी स्थिती मात्र पीआयओ असेल, तर एकदा 'पीआयओ ओन्ली' करून ओके, आणि पुन्हा 'डीएमए इफ अव्हेलेबल' करून ओके, मग रीस्टार्ट. बऱ्याचदा एवढ्याने भागतं.

नाही भागलं तर विंडोजने चुकांच्या मोजणीमुळे डीएमए बंदच करून टाकलं आहे. मग सोपा मार्ग म्हणजे तो चॅनल काढून पुन्हा बसवणं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनलवर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल निवडा. फक्त चॅनल काढायचा, त्याच्या वर दिसणारा कंट्रोलर नाही. दोन्ही चॅनल एकदम काढू नका. रीस्टार्ट केल्यावर विंडोज चॅनल स्वतः शोधून बसवतं, मोजणी शून्यावरून सुरू होते, आणि कधी कधी ते आणखी एक रीस्टार्ट मागतं. तो देऊन टाका. मधल्या काळात स्क्रीन जरा जास्त वेळ काळी राहिली तरी बटण दाबून मशीन बंद करू नका. काकांकडे त्या दिवशी मी मशीन यूपीएसवर घेऊनच हे केलं, बाहेर पाऊस आणि वीज दोन्ही लहरीत होते.

विस्टा आणि विंडोज ७मध्ये याच जागी 'एटीए चॅनल' दिसतात आणि अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'एनेबल डीएमए' अशी टिक असते. बाकी क्रम तोच.

मशीन सुरू होताना अडकलं तर? बंद करून पुन्हा चालू करा, विंडोजचं चिन्ह येण्याआधी एफ८ दाबत राहा आणि 'लास्ट नोन गुड कॉन्फिगरेशन' निवडा. ती आधीच्या यशस्वी लॉगिनच्या वेळची सेटिंग असते. म्हणून बदलानंतर एकदा का लॉगिन केलंत की ही परतीची वाट नव्या सेटिंगवर जाऊन बसते, हे ध्यानात ठेवा.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, पीआयओ आणि यूडीएमए (अल्ट्रा डीएमए) यांची जागा 'ऑटो'वर आहे ना, एवढं बघा आणि बाहेर या. हाताने मोड ठरवून दिल्याने फायदा झालेला मी पाहिलेला नाही.

पीआयओच बरोबर असतं तेव्हा

वर्कशॉपमधल्या काही मशीनमध्ये हार्ड डिस्कऐवजी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड छोट्या अ‍ॅडॅप्टरवर बसवलेलं असतं. काही स्वस्त अ‍ॅडॅप्टरमध्ये डीएमएच्या तारा जोडलेल्याच नसतात. कार्ड म्हणतं मला डीएमए येतं, विंडोज त्यावर विश्वास ठेवतं आणि मशीन सुरू होतानाच लटकतं. अशा ठिकाणी कोणीतरी समजून-उमजून पीआयओ ठेवलेलं असतं. ते तसंच राहू द्या. दिवसभरात चार छोट्या फायली वाचणाऱ्या मशीनला वेग नको असतो, खात्रीने चालू होणं हवं असतं.

साटा डिस्क आणि एएचसीआयचा मोह

साटा डिस्क असलेल्या जुन्या मशीनमध्येही डिव्हाइस मॅनेजर 'अल्ट्रा डीएमए मोड ५' वगैरे दाखवतं. तो आकडा तिथे नावापुरता असतो, खरा वेग साटाच्या जोडणीवर ठरतो. पहिल्या पिढीची मर्यादा सेकंदाला १५० एमबी, दुसरीची ३००. व्हीआयएच्या व्हीटी८२३७ चिपसारखे काही जुने कंट्रोलर दुसऱ्या पिढीची डिस्क ओळखतच नाहीत. त्यासाठी काही डिस्कवर वेग पहिल्या पिढीइतका करणारा जंपर असतो. डिस्क दिसत नाही म्हणून दुकानात परत करण्याआधी लेबलवरची आकृती बघा.

आता बायोसमधलं 'साटा मोड'. तिथे आयडीई (साटा डिस्कशी जुन्या पद्धतीने बोलणं), एएचसीआय (साटासाठीच आलेली नवी पद्धत) आणि कधी रेड (अनेक डिस्क एकत्र बांधणं) असे पर्याय असतात. एएचसीआयने वेग वाढतो असं कुठेतरी वाचून लोक थेट बदल करतात आणि निळी स्क्रीन समोर येते, शेवटी ७बी असलेला क्रमांक घेऊन. विंडोजला आपलीच डिस्क सापडत नसते, कारण सुरुवातीला लागणारा ड्रायव्हर चालू केलेला नसतो. अशा वेळी घाबरून फॉरमॅट करू नका. बायोसमध्ये जुना पर्याय परत ठेवला की मशीन सुरू होतं.

माझं मत सरळ आहे. साधी हार्ड डिस्क असेल तर हा बदल करू नका, मिळणारा फरक हाताला जाणवणार नाही. एक्सपी असेल तर अजिबात नको, एक्सपीत एएचसीआयचा ड्रायव्हर मुळात येतच नाही. रेडवर असेल आणि खरोखर दोन डिस्क एकत्र बांधलेल्या असतील तर त्या पर्यायाकडे बघूही नका. एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, लावत असाल तेव्हाच विचार करा.

विंडोज ७मध्ये बायोस बदलण्याआधी रजिस्ट्री एडिटरमध्ये सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस या वाटेने जाऊन 'एम-एस-ए-एच-सी-आय' नावाच्या नोंदीतला 'स्टार्ट'चा आकडा ३ असेल तो ० करायचा, मग रीस्टार्ट करताना बायोस बदलायचं. विंडोज ८ आणि १०मध्ये सोपं आहे. एमएसकॉन्फिग उघडून बूटमध्ये 'सेफ बूट'ला टिक करा, रीस्टार्ट करताना थेट बायोसमध्ये जाऊन बदल करा, सेफ मोडमध्ये विंडोज ड्रायव्हर जुळवून घेईल, मग टिक काढून पुन्हा रीस्टार्ट. खात्याचा पूर्ण पासवर्ड आठवतोय ना ते आधी बघा, फक्त पिनवर विसंबू नका. बिटलॉकर, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या.

कोणीही काही बदललं नसताना ही ७बीची निळी स्क्रीन आली, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल तपासा. तो संपला की बायोस आपल्या मूळ सेटिंगवर जातं आणि साटा मोडही बदलू शकतो. घड्याळ जुन्या वर्षावर गेलेलं दिसलं तर कारण हेच. 'लोड डिफॉल्ट्स' दाबल्यानेही असंच होतं, म्हणून बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो ठेवावा.

काम झालं का ते तपासणं

एखादी ७०० एमबीची फाइल त्याच डिस्कवर एका फोल्डरमधून दुसऱ्यात कॉपी करा, बदलाआधी आणि नंतर, घड्याळ लावून. सोबत टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडून व्ह्यूमधलं 'शो कर्नल टाइम्स' चालू ठेवा. पीआयओमध्ये कॉपी चालू असताना लाल रेघ हिरव्या रेघेला चिकटून वर चढलेली दिसते. डीएमए आल्यावर ती खाली बसते. काकांच्या मशीनवर ती खाली बसलेली बघून त्यांची डीटीपी करणारी ताई म्हणाली, "दादा, माउस सरकतोय बघा!"

मग मी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला. त्यावर तारीख, केबल बदलली, प्रायमरी मास्टर मोड ५, आणि सी७चा त्या दिवशीचा आकडा. आठ दिवसांनी जाऊन बघितलं, आकडा तोच होता. दिवाळीच्या तोंडावर पुन्हा बघितलं, तोच होता. खाली दुसऱ्या ओळीत काकांनी स्वतःच्या अक्षरात बॅकअपची तारीख लिहिली होती.